कॅमेरा आपल्या घरात, नजर कोणाची?

कापूस घरात आला की आमच्या भागात रात्रीची झोप हलकी होते. आज ना उद्या भाव चढेल या आशेने वेचलेला कापूस महिना-दोन महिने घरातच साठवायचा, ही वर्धा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांची नेहमीची गोष्ट. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या घरीही मागची खोली छतापर्यंत कापसाने भरली होती. घरात अब्बा, अम्मी आणि भाभी. मधले भाई नोकरीसाठी रोज वर्ध्याला जाऊन-येऊन करणारे, थोरले भाईजान पुण्यात. त्याच दिवसांत गल्लीतल्या एका घरून पाण्याची मोटार चोरीला गेली आणि भाईजाननी फोनवरून सांगितले, "आता कॅमेरे बसवूनच घ्या."

तालुक्याच्या गावातून एक जण आला आणि अर्ध्या दिवसात चार कॅमेरे लावून गेला. एक फाटकावर, एक ओसरीत, एक आंगणात आणि एक मागच्या दारी, जिथे न्हाणीघर आणि धुण्याचा दगड आहे. आम्हा सर्वांच्या मोबाइलमध्ये त्याने ॲप टाकून दिले. आम्ही खूश झालो. पुण्यात बसून भाईजान आंगणातली कोंबडीसुद्धा मोजत होते.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच माणसाचा फोन आला. चांगल्या मनानेच म्हणाला, "तुमचा मागचा कॅमेरा माकडाने वाकवला वाटते. सकाळपासून नुसती भिंत दिसून राहिली."

अब्बांनी त्याचे आभार मानले. अम्मी मात्र बाजूलाच बसली होती. तिने विचारले, "त्याला कसे कळले? म्हणजे तो आपले घर बघतो?"

आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. कॅमेरे लागल्यापासून अम्मीने घरातसुद्धा डोक्यावरचा दुपट्टा उतरवला नव्हता. भाभी पहाटे अंधारातच धुणे आटोपून घेत होती. मिरच्या वाळवायला दोघी आंगणात न जाता गच्चीवर चढत होत्या. चोराच्या भीतीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी घरच्या बायकांनाच घरात कोंडले होते आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. कारण कॅमेरे लावताना आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

बिघाड कुठे होता?

आम्ही आधी हे यंत्र समजून घ्यायचे ठरवले. जुन्या पद्धतीचा कॅमेरा जाड वायरने घरातल्या डीव्हीआरला जोडलेला असतो. नव्या नेटवर्क कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो स्वतःच एक छोटा संगणक असतो. घरातल्या रूटरवर त्याला मोबाइलसारखाच स्वतःचा पत्ता मिळतो. कंपनीचे ॲप वापरले की तो कॅमेरा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो आणि आपला मोबाइल त्या सर्व्हरच्या मध्यस्थीने कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे ओसरीतून आंगण बघायचे तरी मध्ये बाहेरचा एक दलाल आलाच.

आमच्या बाबतीत कॅमेऱ्यांचे मूळ खाते बसवणाऱ्याच्या मोबाइलवर उघडलेले होते आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. त्याच्या मनात काही वाईट नसेल. पण घराची चावी त्याच्या खिशात राहिली होती आणि ती आम्हीच राहू दिली होती.

हा धोका केवळ मनाचा खेळ नाही. २०१६ साली मिराय नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि रूटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती, कारखान्यातून येणारे ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघणे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ज्यांचे कॅमेरे या कामी वापरले गेले, त्यांना घरबसल्या काहीच कळले नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीचे चित्रण कॅमेऱ्यातून चोरून विकले गेल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते.

घरचा कारभार घरातच

पहिल्या रागात अब्बा म्हणाले, "काढून टाका सारे." पण मागच्या खोलीत कापूस होता आणि रात्री म्हातारी माणसे एकटी असत. गरज खरीच होती. म्हणून आम्ही सर्व जण ओसरीत बसलो. या वेळी अम्मी आणि भाभी आधी बोलल्या. प्रश्न एकच ठेवला, आपल्याला नेमके काय कळायला हवे?

फाटकावर कोण आले, हे कळायला हवे. त्यासाठी कॅमेरा लागतो. रात्री मागच्या दारी कोणी आले तर घरातल्यांना जाग यायला हवी. त्यासाठी रात्रीपुरता कॅमेरा पुरे. कापसाच्या खोलीचे दार उघडले का, हे कळायला तर कॅमेरा मुळीच लागत नाही. दाराला लावायचा चुंबकाचा छोटा सेन्सर ते सांगतो. आणि रात्री अम्मीला बरे वाटेनासे झाले तर? तिच्या पलंगाशी एक बटण असले की झाले. ते दाबले की भाभीच्या खोलीत घंटी वाजेल. आम्ही ज्याला सुरक्षा म्हणत होतो, त्यातल्या निम्म्या कामाला चित्राची गरजच नव्हती.

मग वर्ध्यात शिकणाऱ्या आमच्या भाच्याच्या मदतीने सारे नव्याने जोडले. घरात रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणला आणि त्यावर होम असिस्टंट हा मोफत प्रोग्रॅम चढवला. २०१३ साली सुरू झालेला हा प्रोग्रॅम दिवे, घंटी, सेन्सर आणि कॅमेरे घरातल्या घरात एकमेकांशी जोडतो. त्यासाठी माहिती बाहेर पाठवावी लागत नाही. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावरही तो चालतो.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकमेकांची भाषा समजावी म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी ओनव्हिफ नावाचा सामायिक नियम सुरू केला. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हे नाव असेल तर तो बहुधा कंपनीच्या ॲपशिवायही घरच्या संगणकाला जोडता येतो. कॅमेरा घेताना दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

आंगणातला आणि ओसरीतला कॅमेरा आम्ही उतरवला. फाटकावरचा कायम चालू ठेवला, पण त्याचे तोंड असे वळवले की समोरच्या घराचे दार त्यात येणार नाही. मागच्या दारचा कॅमेरा स्मार्ट प्लगवर घेतला. रात्री दहाला प्लग आपोआप सुरू होतो, पहाटे फजरच्या आधी बंद होतो. ॲपमध्ये कॅमेरा 'बंद' दाखवणे वेगळे आणि त्याची वीजच तोडणे वेगळे. वीज नसलेला कॅमेरा काही बघू शकत नाही, याची खात्री अम्मीलाही पटते. त्याच प्लगवर एक लाल दिवाही जोडला. दिवा पेटलेला असेल तर कॅमेरा चालू, विझलेला असेल तर बंद. ते बघायला मोबाइल लागत नाही.

रात्री मागच्या दारी माणूस दिसला की आधी तिथला दिवा लागतो, मग घरात घंटी वाजते आणि शेवटी भाईंच्या मोबाइलवर संदेश जातो. सुरुवातीला किड्यांनी, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि मांजरांनी आम्हाला पुष्कळ जागवले. नुसती हालचाल न मोजता माणसाची आकृती ओळखण्याची सोय लावली आणि कॅमेऱ्याची काच आठवड्याला पुसू लागलो, तेव्हा कुठे खोट्या घंट्या कमी झाल्या.

हिशेब आणि काळजी

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने चित्रण होत असेल तर एक कॅमेरा २४ तासांत सुमारे ४३ जीबी जागा घेतो. १ टीबीच्या डिस्कवर एका कॅमेऱ्याचे साधारण २३ दिवसांचे चित्रण मावते. आम्ही सात दिवसच ठेवतो, जुने आपोआप पुसले जाते. जे जपायचे कारण नाही, ते साठवू नये.

कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जाण्याची बंदी आम्ही रूटरमधूनच घातली. पण मग कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू चुकू लागते आणि गरज पडली तर चित्रणावरची वेळ खोटी ठरते. म्हणून त्याला वेळ घरच्या संगणकाकडून मिळेल अशी व्यवस्था केली. पुण्याहून बघण्यासाठी भाईजान व्हीपीएन, म्हणजे पासवर्डने बंद केलेला खासगी रस्ता वापरतात. त्यांना फक्त फाटक दिसते.

वीज गेली की सारा खेळ थांबतो, म्हणून रूटर आणि संगणक इन्व्हर्टरवर घेतले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे कॅमेरा छज्जाच्या सावलीत हवा आणि वायर पाइपातून न्यावी, नाहीतर माकडे ती ठेवत नाहीत. वीज कडाडायच्या दिवसांत बाहेरून येणारी वायर सारी यंत्रे जाळू शकते, तेव्हा अर्थिंग तपासून घ्यावे.

कायदाही हेच सांगतो

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या भावांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे लावले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ते बंद ठेवायला लावले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. स्त्रीचे खासगी क्षणांतले चित्रण चोरून करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेली सुरक्षा चाचणीही लागू झाली आहे. खरेदी करताना त्या प्रमाणपत्राची चौकशी करावी.

आपल्याला तर ही शिकवण कायद्याच्या फार आधी मिळाली आहे. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच जावे, हे सूरह नूरमध्ये आहे. त्याच सूरहमध्ये पहाटे, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातल्या मुलांनीही परवानगी घेऊन आत यावे, असे सांगितले आहे. आपण मुलांना हा अदब शिकवतो, पण भिंतीवरच्या कॅमेऱ्याला शिकवायचे विसरतो.

आपल्या जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन आहे. गांधीजींशी थेट संपर्क राहावा म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या इच्छेने तो बसवला गेला. तो बापू कुटीत नाही, दफ्तरात आहे. बाहेरच्या जगाला घराशी जोडायला हरकत नाही. ते कुठपर्यंत आत येऊ द्यायचे, हे घराने ठरवायचे.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. कॅमेरा बसवणाऱ्याला बोलवण्याआधी घरच्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारा. खाते आपल्याच मोबाइलवर उघडा आणि पासवर्ड तो माणूस घरात असतानाच बदला. कॅमेरा काय बघतो, हे शेजाऱ्यांनाही एकदा दाखवा.

या वर्षीही मागची खोली कापसाने भरली आहे. रात्री दहाला मागच्या दारी लाल दिवा लागतो. पहाटे अम्मी वुजूसाठी उठते, दार उघडण्याआधी दिवा विझला आहे ना ते बघते आणि दुपट्टा खांद्यावर टाकून आंगणात जाते.