थायरॉइड ग्रंथी काढल्यावर गोळी आयुष्यभर का घ्यावी लागते?

थायरॉइडचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले, तब्येत ठणठणीत आहे. मग गोळी थांबवून पाहिली तर? पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. फसगत होते ती इथेच.

थायरॉइड नेमकं काय करते?

गळ्यात श्वासनलिकेला बिलगून असलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी मुख्यतः टी४ आणि थोडं टी३ हे हॉर्मोन तयार करते. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, पचन, मासिक पाळी या सगळ्यांवर त्यांचा परिणाम होतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी यावर लक्ष ठेवते. हॉर्मोन कमी पडलं की ती टीएसएच वाढवते. म्हणून ग्रंथी काढलेल्यांच्या रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त दिसलं, तर सहसा थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडतंय असा अर्थ होतो.

अर्धी काढली की पूर्ण?

एकच बाजू काढली असेल, तर उरलेली बाजू अनेकांना पुरते आणि गोळी लागत नाही. काहींना मात्र ती अपुरी पडते, त्यामुळे तपासणी करत राहावी लागते. पूर्ण ग्रंथी काढल्यावर हॉर्मोन बाहेरूनच द्यावं लागतं. ऑपरेशन न होताही असं घडू शकतं. हाशिमोटो आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीची हळूहळू झीज करते.

गोळी नव्हती तेव्हा

स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये नोंदवलं, की पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण सुस्त होतात, सुजतात, त्यांची बुद्धी मंदावते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी इंग्लंडमध्ये हॉर्मोन कमी पडलेल्या एका महिलेला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टी४.

डोस कसा ठरतो?

पूर्ण ग्रंथी काढलेल्या प्रौढांना सुरुवातीला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम डोस दिला जातो. रक्तातलं टी४ निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून गोळी थांबवल्याचा त्रास उशिरा दिसतो आणि डोस बदलल्यावर तपासणीही ६ ते ८ आठवड्यांनी करतात.

हे लक्षात ठेवा

• गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.
• कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घ्या.
• गर्भधारणा झाल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा. अशा वेळी डोस बहुधा वाढवावा लागतो.
• ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

रिपोर्ट नॉर्मल आला, याचा अर्थ गोळीची गरज संपली असा नाही. गोळी तिचं काम करतेय, म्हणूनच तो नॉर्मल आलाय. डोस बदलायचा की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.