कुंडलिकेच्या काठची माणसं

'जालना, सोने का पालना' असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण या पाळण्यात कोण कोण वाढलं, असं कुणी विचारलं तर? परवा बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "मामा चौकातले मामा कोण गं?" सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक जण म्हणाली, "काकू, रोज तिथूनच येतो-जातो, पण हे कधी डोक्यातच आलं नाही!"

मैत्रिणींनो, ते जनार्दन मामा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी प्राण दिले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यात आपल्या गावाचाही वाटा आहे.

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने मोती तलाव बांधून गावात पाणी खेळवलं. पुढे निजामाच्या राजवटीत पारशी गृहस्थ बेजनजी जालनावाला यांच्या पुढाकाराने कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागरी घेऊन धावताना अशा माणसांची किंमत कळते. आपण मात्र त्याच नदीत कचऱ्याच्या पिशव्या टाकतो.

अलीकडचं नाव बद्रीनारायण बारवाले यांचं. जन्म हिंगोलीचा, कर्मभूमी जालना. १९६४ मध्ये त्यांनी इथे 'महिको' सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते गेले.

पण संकरित बियाणं तयार कसं होतं? संध्याकाळी कपाशीच्या कळीतले पुंकेसर अलगद काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर लावायचे. एकेक फूल हाताने. हे नाजूक काम बहुतेक बायकाच करतात. कंपनीचं नाव पिशवीवर छापलं जातं, त्या बायकांचं कुठेच नाही.

म्हणून एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतोच, यंदा सोबत एक वहीही ठेवूया. गल्लीतल्या आजींना, मावशींना विचारायचं, "तुम्ही कुठे राबलात, काय केलंत?" आणि नावासकट लिहून घ्यायचं. चौकांना नावं मिळोत न मिळोत, आपल्या लेकींना तरी ती ठाऊक असायला हवीत ना!