ट्रेलर बघा, पण निकाल थांबवा

पुस्तकावरच्या सिनेमाचा ट्रेलर आला की वाचकांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पुस्तकातलं आहे का?' माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (2018) घ्या. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेलं, भयाचं बीज नारायण धारपांच्या 'आजी' कथेत, आणि हस्तर हा शापित देव मात्र सिनेमाने स्वतः घडवलेला. त्याला भूक पिठाची. म्हणून पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची आणि तो खाण्यात गुंतला की लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या. यातलं काहीच पेंडशांच्या कादंबरीत नाही, तरी लोभाची ही गोष्ट अस्सल कोकणी वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग लेखकाशी इमान राखायचंच नाही का? राखायचं, नक्कीच. श्रेय ठळक द्यायला हवं आणि कथेचा गाभा मोडता कामा नये. पण गाभा टिकला की नाही, हे दोन-तीन मिनिटांत कळत नाही. 'तुंबाड'ची खरी दाद तर 2024च्या पुनर्प्रदर्शनात मिळाली. तेव्हाची कमाई पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली. त्याच वर्षी दुसऱ्या भागाचीही घोषणा झाली. वाचकमित्रांनो, त्याचा ट्रेलर येण्याआधी धारपांची 'आजी' मिळवून जरूर वाचा.