वेब विणणारे हात

संगणकावर माहितीचे एखादे पान उघडले, की हे काम कोण्या प्रोग्रॅमरने एकट्याने बसून उरकले असेल, असे आपल्याला वाटते. वेबच्या जन्माची हकिगत मात्र निराळी आहे.

जिनीव्हाजवळ मूलकणांचा अभ्यास करणारी 'सर्न' ही प्रयोगशाळा आहे. निरनिराळ्या संगणकांवरील माहिती एकमेकींना जोडण्याची योजना टिम बर्नर्स-ली यांनी तेथे १९८९ साली मांडली आणि १९९० च्या अखेरीस चालवून दाखवली. सारी पाने एकाच यंत्रावर होती. म्हणून 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका' अशी चिठ्ठीच त्यावर डकवलेली होती. कोणी चुकून बटन दाबले असते तर जगातले सगळे वेब बंद!

पण बर्नर्स-लींचा ब्राउझर फक्त 'नेक्स्ट' या यंत्रावर चाले, आणि ती यंत्रे थोड्यांजवळच होती. तेव्हा निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने साध्यातल्या साध्या टर्मिनलवर चालणारा ब्राउझर लिहिला. त्यात चित्रे नव्हती, माउस नव्हता. दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या शब्दापुढे कंसात आकडा असे; तो टाईप केला, की ते पान हजर. दिसायला ओबडधोबड, पण त्यामुळेच वेब इतरांच्या टेबलावर पोचले.

दार उघडले, पण आत पाहण्याजोगे काय? बर्न्ड पोलरमन यांच्याकडे सर्नच्या मोठ्या संगणकावरील माहितीची व्यवस्था होती. त्यांच्या मदतीने संस्थेची टेलिफोन पुस्तिका वेबवर आली. ती तर प्रत्येकालाच लागे! अमेरिकेतही तसेच घडले. कॅलिफोर्नियातील 'स्लॅक' प्रयोगशाळेचे पॉल कुंझ सर्नला वेब पाहून आले, पण खरा उत्साह दाखवला तो तेथील ग्रंथपाल लुईझ अ‍ॅडिस यांनी. शोधनिबंधांची भली मोठी सूची वेबवरून सर्वांना धुंडाळता येईल, हे त्यांनी ताबडतोब ओळखले. डिसेंबर १९९१ मध्ये तेथे सर्व्हर सुरू झाला.

आणि रॉबर्ट कायो? वरिष्ठांची मने वळवणे, माणसे मागणे, कायदेखात्याकडे खेटे घालणे ही कंटाळवाणी कामे त्यांनी केली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले, त्यामागे ही खटपट होती.

आपल्या शाळेचे संकेतस्थळ असेल, तर गेल्या वर्षीचे वेळापत्रक अजून तेथे लटकत आहे का, ते पाहा. असल्यास बिघाड बहुधा यंत्रात नसतो. पाने ताजी ठेवण्याचे काम कोणाकडे सोपवले आहे, हे आपल्या शिक्षकांना विचारा.