मांजराच्या डोळ्यात औषध घालताना

आजचा विषय तसा छोटा आहे: मांजराच्या डोळ्यात घरच्या घरी औषध कसं घालायचं. छोटा म्हणतोय खरं, पण ज्यांनी एकदा प्रयत्न केलाय त्यांच्या मनगटावरचे ओरखडे वेगळंच सांगतील.

कसं घालायचं ते सविस्तर सांगणारच आहोत. पण त्याआधी कोणतं घालायचं, हे बोलावं लागेल. कारण आम्ही जे डोळे गेलेले पाहतो, त्यातले काही आजाराने जातात आणि काही घरातल्या जुन्या बाटलीमुळे.

असं बघा. घरात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, किंवा पावसाळ्यात मुलांचे डोळे आलेले असतात. त्यातली अर्धी बाटली कपाटात उरते. मांजराचा डोळा लाल दिसला की कोणीतरी म्हणतं, अहो, अँटिबायोटिकच आहे, दोन थेंब टाका. या बाटल्यांमध्ये पुष्कळदा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. नावापुढे डी किंवा डेक्सा असं शेपूट असेल तर बहुधा डेक्सामेथासोन आहे असं समजा. नाव काही असो, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते औषध उत्तम. पण डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, तिच्यावर जखम असेल तर तेच औषध घात करतं. ही काच मांजरात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते. स्टेरॉइडने लाली उतरते, मांजर दोन दिवस बरं वाटतं, घरचे खूश होतात. आत मात्र जखम भरायची थांबलेली असते, जंतूंना आणि विषाणूंना मोकळं रान मिळालेलं असतं. मग काच विरघळत जाते आणि एक दिवस तिला भोक पडतं.

जखम आहे की नाही हे नुसतं बघून आम्हालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात घालतात. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग धुऊन जातो. जिथे तो थर खरवडला गेलाय तिथे रंग शोषला जातो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. पाच मिनिटांची तपासणी आहे. ही झाल्याशिवाय स्टेरॉइड नाही.

आपल्याकडे अशा जखमा व्हायला कारणं भरपूर. मेहरूणची बोरं खायला गोड, पण बोरीच्या झुडपात पक्ष्यामागे घुसलेल्या मांजराला काटा लागतो. बोक्यांची भांडणं तर आहेतच, नखं आधी तोंडावरच बसतात. गवताचं कुसळ डोळ्यात जातं आणि तिसऱ्या पापणीमागे अडकून बसतं. म्हणीतलं कुसळ दुसऱ्याला दिसतं तरी, हे कोणालाच दिसत नाही. ही तिसरी पापणी म्हणजे नाकाच्या बाजूने वर येणारा पांढरट पडदा. तो वर आलेला दिसला की लोक घाबरतात, फूल पडलं म्हणतात. ते फूल नव्हे. फूल म्हणजे कॉर्नियावरचा वण. पडदा वर येणं ही बहुतेक वेळा डोळा दुखत असल्याची खूण असते. तुमच्या आमच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात जी गुलाबी घडी असते ना, ती त्याच पापणीची उरलेली निशाणी.

आणि सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे मांजरांचा हर्पिस विषाणू. लहानपणी शिंका, सर्दी, चिकटलेले डोळे, सगळं याचंच. माणसाला तो लागत नाही. पण मांजराच्या शरीरात तो मज्जातंतूंमध्ये जन्मभर दडून बसतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. ताण म्हणजे काय? घर बदललं, दुसरं मांजर आणलं, पाहुण्यांची गर्दी झाली. स्टेरॉइडनेही तो जागा होतो. आता त्या कपाटातल्या बाटलीचा पुन्हा विचार करा.

घरगुती उपायांबद्दल फार वेळ घालवत नाही. दूध, मध, एरंडेल, हळदीचं पाणी, काजळ, गुलाबपाणी यातलं काहीही नको. लाली घालवणारे माणसांचे थेंब तर मुळीच नकोत. त्यातली काही औषधं चाटण्यातून पोटात गेली तर मांजराला विषबाधा होते. उकळून कोमट केलेलं पाणी मात्र चालतं, आणि ते लागणारच आहे.

आता हात धुवा आणि कामाला लागू.

आधी चिपडं काढायची. वाळलेली चिपडं ओढू नका, कातडी सोलते. स्वच्छ गॉजची घडी कोमट पाण्यात बुडवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरा. मऊ झाली की नाकाच्या कोपऱ्याकडून कानाकडे, एकाच दिशेने पुसा. दुसऱ्या डोळ्याला दुसरी घडी. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात, म्हणून गॉज बरा. चिपडांच्या थरावर औषध टाकलं तर ते बाहेरच राहतं.

मग मांजर धरायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते समोरून जातात. मांजराला साधारण 25 सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. समोरून एक मोठा चेहरा आणि त्यापुढे धूसर काहीतरी डोळ्याकडे येतंय, मग ते पंजा मारणारच. म्हणून त्याचं तोंड तुमच्यापासून पलीकडे हवं. टेबलावर किंवा ओट्यावर जुना टॉवेल पसरा, मांजराची पाठ तुमच्या पोटाला टेकवा. आता त्याला मागे सरकायला जागा नाही, आणि मांजर पळतं ते बहुधा मागेच. जमिनीवर बसत असाल तर वज्रासनात बसून दोन मांड्यांच्या मध्ये घ्या.

पंजे मारणारं असेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. गोधडी घेऊ नका, नखं टाक्यांत अडकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात हे गुंडाळणं दोन मिनिटांच्या वर नको. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच सोडा. मानगुटीला धरून उचलणं मोठ्या मांजराला चालत नाही. ते घाबरतं आणि पुढच्या वेळी पलंगाखालून निघत नाही.

डावा हात हनुवटीखाली घाला आणि नाक छताकडे करा. नाक वर गेलं की खालची पापणी आपोआप थोडी सुटते. त्याच हाताच्या अंगठ्याने ती हलकेच खाली ओढा. उजव्या हातात बाटली, आणि त्या हाताची कड मांजराच्या कपाळावर टेकलेली. हे टेकवणं फार महत्त्वाचं आहे. मांजराने डोकं हलवलं तर हातही सोबत हलतो, बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. बाटली वरून आणि मागून आणा, डोळ्यापासून एक-दोन सेंटिमीटरवर थांबा, थेंब सोडा. टोक डोळ्याला, पापणीला, केसांना लागू देऊ नका. लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढचे सगळे थेंब तेच जंतू घेऊन येतात.

एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावरून वाहून जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबा. आधी थेंब, मलम शेवटी. मलम आधी लावलं तर त्याच्या तेलकट थरावरून थेंब घसरतो. मलमाची ट्यूब मिनिटभर मुठीत धरून ठेवा, तांदळाच्या दाण्याएवढं खालच्या पापणीच्या आत सोडा आणि डोळा मिटवून धरा. फ्रीजमधल्या थेंबांनाही मुठीतली ऊब द्या. गार थेंबाने मांजर दचकतं.

काही थेंबांनंतर, विशेषतः अॅट्रोपिननंतर, तोंडाला फेस येतो. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात वाट आहे, आणि हे औषध कडू असतं. फेस थोड्या वेळात थांबतो. पण निओमायसिन किंवा पॉलिमिक्सिन असलेल्या औषधांनी क्वचित एखाद्या मांजराला जोरदार अॅलर्जी होते. पहिल्या डोसनंतर काही तास लक्ष ठेवा. उलट्या, धाप, गळून पडणं यातलं काही दिसलं तर तसंच दवाखान्यात.

झाल्याझाल्या खाऊ द्या. पाच मिनिटांनी नाही, त्याच क्षणी. उकडलेल्या चिकनचा धागा, किंवा शाकाहारी घरात चमच्याच्या टोकाएवढं दही. आणि औषधासाठी नाव घेऊन बोलावू नका. नाव जेवणासाठी राखून ठेवा. तुम्ही जाऊन उचला.

दिवसातून चार वेळा सांगितलं असेल तर सात, बारा, पाच, दहा असं घड्याळ लावा. दोन दिवसांत डोळा उघडला म्हणून औषध थांबवू नका, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. लेबलवर वेगळं काही नसेल तर महिन्याने टाकून द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या औषधावर भरवसा ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवायचं का, ते लेबल बघून किंवा विचारून ठरवा.

थांबून चालणार नाही अशा गोष्टी: डोळा घट्ट मिटून ठेवणं, काचेवर निळसर धूसरपणा, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, रक्त, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणं. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरात काचेवर तपकिरी-काळा डाग. पिल्लांचे डोळे साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात. त्याआधीच मिटलेली पापणी फुगली असेल तर आत पू असतो, त्याच दिवशी न्या, स्वतः फाडून उघडू नका.

दोन प्रश्न आलेत. एका ताईंनी विचारलंय, घरात तीन मांजरं आहेत, एकाला झालंय, तर तिघांच्या डोळ्यात घालू का? नाही. आजाऱ्याचं भांडं आणि अंथरूण वेगळं करा, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, बाकीच्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवा. एका मांजराची बाटली दुसऱ्याला वापरू नका.

दुसरा प्रश्न एका भाऊंचा, गल्लीतल्या मांजराचा. ते जेवायला येतं, पण हात लावू देत नाही. अशा मांजराला दिवसातून चारदा थेंब शक्यच नाहीत, झटापटीत डोळ्याला आणखी इजा होईल. त्याचा दोन्ही डोळ्यांचा स्पष्ट फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. खाण्यातून देता येण्यासारखं औषध असलं तर ते देतील, नाहीतर पिंजऱ्यात पकडून काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल. तसं असेल तर आदल्या रात्रीपासून त्याला दुसरं कोणी खायला घालणार नाही, एवढं गल्लीत सांगून ठेवा.