सारखीच दोन कार्डे, घ्यायचे कोणते?

सलाम-दुआ झाली आणि आपा लगेच मुद्द्यावर आल्या. "भिशी लागली आहे. तुझा भाचा म्हणतो, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड पाहिजे. दुकानदाराने दोन दाखवली. म्हणतो, दोन्ही सारखीच. सारखी आहेत तर एक तीन हजारांनी महाग का? तू ये आणि बघ."

आपा शिलाईकाम करतात. मुलाच्या अ‍ॅनिमेशन डिप्लोमाची फी भरून भिशीतले जे उरले होते, तेवढेच त्यांच्या हातात होते. भाचा दिवसा ब्लेंडर या प्रोग्रॅमवर त्रिमिती चित्रे शिकतो आणि रात्री मित्रांबरोबर फुटबॉलचे व मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळतो. त्याच्या पीसीत वेगळे कार्ड नव्हते. गेम अडखळत चालत आणि एक चित्र तयार व्हायला रात्र जाई. म्हणजे मागणी नुसत्या हौसेची नव्हती. पण चुकीची वस्तू घेतली असती तर पुढची भिशी वर्षभर लांब होती.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे. तरीही कागद-पेन घेऊनच बसलो, कारण या बाजारात नावे आणि आकडे चांगल्या-चांगल्यांना गोंधळात टाकतात.

कागदावरची तुलना

दुकानदाराने दाखवलेली दोन कार्डे होती एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचे रेडिऑन आरएक्स ७६००. दोन्ही २०२३ च्या मे-जूनमध्ये महिनाभराच्या अंतराने बाजारात आली. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ४०६० ची २९९ डॉलर आणि ७६०० ची २६९ डॉलर. दोन्हींवर ८ जीबी मेमरी आहे. मेमरीकडे जाणारा रस्ता दोन्हींत १२८ बिटचा. त्या रस्त्यावरून ४०६० मध्ये सेकंदाला २७२ जीबी आणि ७६०० मध्ये २८८ जीबी माहिती जाऊ शकते. मदरबोर्डशी बोलायला दोन्हींना आठच मार्गिका आहेत. इथपर्यंत दुकानदार खरे बोलत होता.

"पण मामू, याच्यात ३०७२ कोअर आहेत आणि त्याच्यात २०४८," भाच्याने खोक्यावर बोट ठेवले. "म्हणजे हे दीडपट वेगवान ना?"

मी म्हटले, "अम्मीला विचार. एका शिंप्याकडे तीस कारागीर आणि दुसऱ्याकडे वीस, म्हणून पहिल्याकडे दीडपट कपडे शिवून होतात का?" आपा हसल्या. दोन कंपन्यांच्या चिपची रचना वेगळी असते आणि कोअर मोजण्याची पद्धतही वेगळी. कोअरची संख्या एकाच कंपनीच्या एकाच पिढीतल्या कार्डांची तुलना करताना थोडीफार उपयोगी पडते. दोन कंपन्यांमध्ये ती तुलना फसवी ठरते. प्रत्यक्ष गेममध्ये सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, निघतात तेच पाहावे.

आणि तसे पाहिले तर साध्या फुल एचडी पडद्यावर, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांवर, बहुतेक गेममध्ये ही दोन्ही कार्डे जवळजवळ बरोबरीने चालतात. कधी हे थोडे पुढे, कधी ते. भाच्याचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो. एका कार्डाने ९० फ्रेम काढल्या आणि दुसऱ्याने ९६, तरी त्याच्या डोळ्यांपर्यंत ६० च पोचणार.

फरक कुठे आहे?

पहिला फरक विजेचा. ४०६० ची कमाल ठरवलेली वीज ११५ वॅट, ७६०० ची १६५ वॅट. फरक ५० वॅटचा. रोज तीन तास पूर्ण जोरात वापर धरला तर दिवसाला ०.१५ युनिट, वर्षाला सुमारे ५५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाचे साडेपाचशे रुपये. म्हणजे केवळ विजेच्या बचतीतून तीन हजारांचा फरक भरून यायला पाच वर्षांहून जास्त लागतील. वीज वाचते हे खरे, पण त्या एका कारणासाठी महाग कार्ड घेणे हिशेबात बसत नाही. कमी विजेचा दुसरा फायदा असा की कार्ड कमी तापते आणि छोट्या कॅबिनेटमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, पंखे कमी ओरडतात.

दुसरा फरक प्रकाशाच्या हिशेबाचा. रे ट्रेसिंग म्हणजे गेममधली सावली आणि प्रतिबिंबे प्रकाशकिरणांच्या वाटेवरून मोजून काढणे. हे काम जड असते आणि त्यात ४०६० स्पष्टपणे पुढे आहे. मात्र या किमतीच्या कार्डांवर पूर्ण रे ट्रेसिंग चालू केले की वेग खूप उतरतो, त्यामुळे बहुतेक मुले ते बंदच ठेवतात.

तिसरा फरक चित्र मोठे करण्याच्या युक्तीचा. कार्ड लहान चित्र काढते आणि ते हुशारीने मोठे करून दाखवते, त्यामुळे वेग वाढतो. एनव्हिडियाची ही सोय डीएलएसएस नावाची, आणि ती फक्त त्यांच्या आरटीएक्स कार्डांवर चालते. ७६०० वर एएमडीची एफएसआर वापरता येते, आणि ती दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालते. फुल एचडी पडद्यावर डीएलएसएसचे चित्र सहसा अधिक स्वच्छ दिसते. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनावट फ्रेम घालण्याची युक्तीही आता दोन्हीकडे आहे. तिने आकडा वाढतो, पण बटण दाबल्यावर खेळाडू हलायला लागणारा वेळ कमी होत नाही. मुळातच वेग कमी असेल तर खेळ जडच वाटतो. जाहिरातीतला दुप्पट आकडा पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

चौथा फरक कामाचा, आणि आमचा निर्णय त्यानेच झाला. ब्लेंडर दोन्ही कार्डांवर चालतो, पण चित्र तयार करण्याच्या कामात एनव्हिडियाचे कार्ड बरेच वेगवान ठरते. अ‍ॅनिमेशनचे अनेक प्रोग्रॅम त्याच्या पद्धतीला धरून लिहिले गेले आहेत. मुलगा फक्त गेम खेळणारा असता तर मी बिनदिक्कत ७६०० सांगितले असते आणि उरलेले तीन हजार आपांना परत द्या म्हटले असते. तो शिकणारा होता, म्हणून ४०६०.

उणीवही सांगायला हवी. ८ जीबी मेमरी आता कमी पडू लागली आहे. नवे मोठे गेम सर्वांत उंच दर्जावर लावले की मेमरी भरते आणि खेळ झटके खातो. मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय मार्गाचा असेल तर आठ मार्गिकांमुळे हा त्रास आणखी जाणवतो. उपाय सोपा आहे. चित्रांचा दर्जा एक पायरी खाली आणायचा. पण घेण्याआधी हे माहीत असावे.

तीन पंख्यांचा मोह

दुकानात गेलो तर नवीच गंमत. एकाच ४०६० ची चार खोकी. चिप बनवणारी कंपनी एक, पण तिच्यावर पंखे आणि पट्टी बसवून विकणाऱ्या कंपन्या अनेक. तीन पंखे आणि रंगीत दिवे असलेले खोके साध्या दोन पंख्यांच्या खोक्यापेक्षा साडेतीन हजारांनी महाग. दोन्हींत चिप तीच, मेमरी तीच. वेगातला फरक शंभरात एक-दोन फ्रेमचा. ११५ वॅटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात.

भाचा हिरमुसला. मी त्याच्या पीसीचा एसएमपीएस दाखवला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. जुना, बिननावाचा, वरचे लेबलही पुसलेले. तो जळाला तर सोबत कार्डही नेतो. दिव्यांचे साडेतीन हजार आम्ही चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये घातले.

नाव एक, वस्तू दोन

आता याच घराण्याची नवी कार्डे आली आहेत आणि काही वर्षांनी त्यांचीही जागा दुसरी घेतील. पण एक सावधगिरी कायम राहील. खोक्यावरचे नाव सारखे म्हणजे आतली वस्तू सारखी असे नसते. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत आले, ६ जीबी आणि ३ जीबी. लोकांना वाटले फरक मेमरीचाच. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. आरटीएक्स ३०६० चे तसेच. १२ जीबीच्या कार्डाचा मेमरी-रस्ता १९२ बिटचा, नंतर आलेल्या ८ जीबीचा १२८ बिटचा. २०२५ चे आरएक्स ९०६० एक्सटीही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. त्यामुळे बिलावर पूर्ण नाव आणि मेमरीचा आकडा लिहून घ्यावा.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी आणखी जपावे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरची खोदाई बंद झाली आणि दिवसरात्र राबलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण दुकानातच अर्धा तास गेम चालवून पाहावे. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम आतली चिप कोणती ते दाखवतो, तोही लावून पाहावा. वॉरंटी कोणाच्या नावावर आणि किती शिल्लक आहे, ते विचारावे.

"काहीच फरक नाही"

कार्ड बसवून चार दिवस झाले आणि भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मामू, काहीच फरक नाही. पहिल्यासारखेच अडखळते. आपल्याला फसवले." मागून आपांचा आवाज येत होता, "मी म्हटले नव्हते?"

रात्रीच गेलो. कार्ड नीट बसले होते, पंखे फिरत होते. मागे वाकून पाहिले तर मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डलाच लावलेली. पडदा जुन्याच चित्रव्यवस्थेवर चालला होता आणि भिशीच्या पैशांचे कार्ड आत रिकामे बसले होते. वायर काढून कार्डाच्या तोंडात लावली आणि गेम सुरू केला. पुढे कोणी काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा भाच्याने ब्लेंडरमध्ये काढलेले चित्र दाखवले. आपांचे शिलाई मशीन, हुबेहूब, खिडकीतून उन्हाची तिरीप पडलेली. पूर्वी रात्रभर चालणारे काम चहा होईपर्यंत आटोपले होते. आपांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण दोरा ओवलेला नाही. असे मशीन शिवणार कसे?"

भाचा लगेच खुर्चीवर बसला आणि दोरा ओवायला लागला.