फ्ल्यूची साथ आणि शाळेचा हजेरीपट



पावसाळी सत्र सुरू झाले की वर्गात खोकल्याचा आवाज वाढू लागतो. त्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. पावसात भिजले, गार हवा लागली, असे म्हणून पुढील धडा घेतो. बहुतेक वेळा हे ठीकच असते. परंतु काही वेळा हा साधा वाटणारा ताप साथीची पहिली वर्दी असतो आणि ती वर्दी गावात सर्वांआधी शिक्षकाच्या हाती पडते. कारण रोज सकाळी गावातील प्रत्येक घरचे मूल आले की नाही याची लेखी नोंद करणारा दुसरा कोणीही गावात नसतो. प्रस्तुत लेखात या नोंदीचा साथीच्या वेळी कसा उपयोग करावा आणि तो करताना माझ्याकडून कोणती चूक घडली, हे सांगण्याचा विचार आहे.

फ्ल्यू म्हणजेच इन्फ्ल्युएंझा हा विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग होय. त्याचा विषाणू सतत थोडाथोडा बदलत असतो, म्हणून एकदा ताप येऊन गेलेल्या माणसासही पुढे तो पुन्हा येऊ शकतो. मात्र क्वचित कधी पक्षी, डुक्कर इत्यादी प्राण्यांतील विषाणूंशी सरमिसळ होऊन अगदी नवाच प्रकार निर्माण होतो. त्याची ओळख कोणाच्याच शरीराला नसते. असा विषाणू माणसामाणसांत पसरू लागला की काही महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. यालाच महासाथ म्हणतात.

अशी महासाथ आपल्या प्रांताने १९१८ साली पाहिली. त्या वर्षी जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी लाट आली, ती मात्र भयंकर ठरली. रेल्वेच्या मार्गाने ती देशभर पसरली. पाऊस फसलेला, धान्य महाग, आणि आजार विशेषतः ऐन वयाच्या माणसांना गाठणारा. त्यामुळे एका घरी स्वयंपाक करणारे आणि शेतावर जाणारे दोघेही एकाच वेळी अंथरुणावर, अशी स्थिती झाली. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. आपल्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मानमोडी' हा शब्द येत असे, तो याच साथीसंबंधी. पुढे १९५७ साली आलेल्या महासाथीत देशात सुमारे ४४ लाख रोगी नोंदले गेले, परंतु मृत्यूंची नोंद अकराशेच्या आसपास राहिली. प्रत्येक महासाथ सारखीच घातक असते असे नाही, एवढे यावरून ध्यानी येईल.

आता २००९ सालाकडे वळू. ही साथ आपणांपैकी पुष्कळांनी स्वतः अनुभवली आहे. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. लोकांनी तिला 'स्वाइन फ्ल्यू' हे नाव दिले. या नावामुळे डुकराचे मांस खाल्ल्याने हा रोग होतो असा समज पसरला, तो चुकीचा होता. रोग माणसाकडूनच माणसाला होत होता. ३ ऑगस्ट रोजी पुणे येथे एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतील देशातील हा पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्यात एकच घबराट उडाली. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. प्लेगच्या काळात केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन तपासणी केंद्रे उघडण्यात आली. शहरातील शाळा-महाविद्यालये आठवडाभर बंद ठेवण्यात आली.

मी त्या वेळी पुणे जिल्ह्यातील एका चारशिक्षकी शाळेवर होतो. शहरातील या हकिकती आम्ही वर्तमानपत्रांतून वाचत होतो आणि त्या आपल्या गावच्या नाहीत असे समजत होतो. वस्तुतः शहरातील शाळा बंद होताच शहरात राहणाऱ्या कितीतरी मुलांना आईबापांनी एस.टी.त बसवून आजोळी धाडले होते. एका जागची गर्दी मोडावी म्हणून केलेला उपाय आमच्या गावी पाहुण्यांची गर्दी करून गेला. शाळा बंद करण्याचा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. साथीचा वेग कमी करून दवाखान्यांस उसंत मिळवून देणे हा त्याचा हेतू असतो आणि तो योग्य आहे. परंतु बंद शाळेतील मुले कोठे जातात याचाही विचार करावयास हवा, एवढेच.

त्या वर्षी माझ्या वर्गाच्या दारावर शेकडा उपस्थितीचा फलक होता. तो आकडा शंभरावर नेण्याची मला मोठी हौस. गैरहजर मुलाच्या घरी दोन धडधाकट मुले पाठवायची आणि त्याला घेऊन यायचे, ही रीत मी वडील शिक्षकांकडून शिकलो होतो व तिचा मला अभिमान होता. श्रावणातील एका सकाळी तिसरीतील एक मुलगी डोळे लाल झालेली, सारखी खोकणारी अशी वर्गात आली. कपाळाला हात लावला तो चटका बसला. "घरी का नाही राहिलीस?" असे विचारता ती म्हणाली, "गुरुजी, आई म्हणली खाडा नको पाडू." त्या काळी दुर्बल घटकांतील मुलींना दररोज १ रुपया उपस्थिती भत्ता मिळत असे. शिवाय दुपारचा शाळेतील आहार. एका खाड्याने त्या घरचे काय जाते याचा हिशेब त्या माउलीने माझ्यापेक्षा बरोबर केला होता. मी त्या मुलीला मागील बाकावर बसवले आणि हजेरी लावली. फलकावर त्या दिवशी शंभर लिहिले.

चौथ्या दिवशी चौतीसपैकी अकरा मुले आली नाहीत. तेव्हाही मला उमज पडली नाही. नेहमीप्रमाणे दोन मुलगे घरोघर पाठवले. प्रत्येक घरी ती मुले उंबऱ्याच्या आत गेली, आजारी सोबत्याजवळ बसली, आणि दोघांना घेऊनही आली. दोन दिवसांनी ती स्वतः अंथरुणास खिळली. त्यांपैकी एकाची आई सात महिन्यांची गरोदर होती. तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी धाप लागू लागली. बारा दिवस ती रुग्णालयात होती. सुदैवाने ती व तिचे बाळ दोन्ही सुखरूप घरी आली. तिचा ताप त्याच विषाणूचा होता की नाही हे तपासणीने ठरले नाही, आणि तो माझ्या धाडलेल्या मुलाकडूनच तिला लागला असे सिद्धही करता येणार नाही. परंतु मला त्याविषयी फारशी शंका वाटत नाही. पुढे आरोग्य सेविकेने माझा हजेरीपट मागून घेतला व पाने चाळीत म्हणाली, "गुरुजी, हे सगळं यात दिसतंय की!" आणि ते खरेच होते. त्या मुलीच्या शेजारी बसणारी दोघे, मग त्यांची भावंडे, मग त्या भावंडांचा वर्ग. ताप कसा चालत गेला ते 'गै' या अक्षराने ओळीओळीत लिहून ठेवले होते. लिहिणारा मी, आणि न वाचणाराही मीच.

या प्रसंगामागील शास्त्र थोडक्यात सांगतो. रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातूनही, विषाणूयुक्त थेंब उडतात व जवळच्या माणसाच्या श्वासात जातात. तसेच नाक पुसलेल्या हातावाटे ते दाराच्या कडीला, पेल्याला, दुसऱ्याच्या हाताला लागतात. संसर्ग झाल्यापासून साधारणतः एक ते चार दिवसांत ताप येतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस इतरांना रोग देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलांच्या बाबतीत हा काळ आणखी लांबतो. मोठ्या माणसांपेक्षा मुले एकमेकांच्या अधिक निकट वावरतात हे निराळे सांगावयास नको. म्हणून शाळा हे या रोगाचे आवडते ठिकाण आहे. २००९ सालीच पाचगणी येथील एका निवासी शाळेत साथ पसरल्याचे प्रसिद्ध आहे.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, ताप-खोकला असलेल्या मुलाला घरी राहण्याची मोकळीक असली पाहिजे आणि त्याबद्दल त्याला काही गमवावे लागता कामा नये. ताप औषधाविना उतरल्यावर निदान पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा व मगच मुलाने शाळेत यावे. खोकला फार असल्यास आणखी थांबावे. साथीच्या दिवसांत पूर्ण उपस्थितीचे बक्षीस, फलकावरील तारे, वर्गावर्गांची चढाओढ हे सर्व स्थगित ठेवावे. आहाराचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०२० साली शाळा बंद असताना शालेय आहाराचे धान्य मुलांच्या घरी पोहोचविण्याची व्यवस्था झाली होती. जे बंद शाळेला जमले, ते चालू शाळेत चार आजारी मुलांसाठी जमू नये असे मला वाटत नाही; मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय मांडावा. मात्र डबा घेऊन आजारी मुलाच्या घरी मुलांना पाठवू नये. घरच्या बऱ्या माणसाने येऊन तो न्यावा.

दुसरी गोष्ट गैरहजेरीचे कारण विचारण्याची. श्रावणात खुरपणी असते, सणवार असतात, पाहुणे येतात. नेहमीची गैरहजेरी किती हे आपणांस अनुभवाने ठाऊक असते. त्याहून निराळे काही दिसले, म्हणजे एकाच वर्गातील तीन-चार मुले दोन-तीन दिवसांच्या आत ताप-खोकल्याने राहिली, तर वाट न पाहता आशा ताईंना अथवा उपकेंद्रातील आरोग्य सेविकेला कळवावे. रोगाचे नाव ठरविणे आपले काम नाही आणि ते गावात बोलून दाखविणे तर मुळीच नाही. साथीच्या नावाने एखाद्या कुटुंबाकडे बोट दाखविले गेले की पुढचे घर आजार लपविते.

पालकांना धोक्याची चिन्हे मात्र अवश्य सांगावी. श्वास जलद चालणे, श्वास घेताना बरगड्यांखालील भाग आत ओढला जाणे, ओठ वा नखे निळसर दिसणे, मूल गुंगीत असणे, पाणी न पिणे, झटके येणे, किंवा ताप उतरून पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच घटकेस दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले, वृद्ध माणसे, आणि दमा, मधुमेह अथवा हृदयविकार असलेले यांना केवळ ताप आला तरी डॉक्टरांना दाखवावे. या रोगावर ऑसेल्टामिविर हे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते, म्हणून अंगारे-धुपाऱ्यात गेलेले दोन दिवस फार महाग पडतात. ते डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, आणि मुलांना तापात ॲस्पिरिन कदापि देऊ नये. बाकी बहुतेक मुले विश्रांती, पेज व भरपूर पाणी यांवर बरी होतात. गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधलेली मुले मी २००९ साली पाहिली. पुरचुंडी बांधल्यावर लोक हात धुणे सोडून देतात, हा अपाय आहे.

शाळेतील व्यवस्थेविषयी विस्तार करीत नाही. माठात पेला बुडवू देऊ नये, ओगराळे ठेवावे. साबण जाळीत घालून नळाशी टांगावा म्हणजे तो मातीत पडत नाही व हरवतही नाही. खोकताना तोंड कोपराच्या खळगीत धरण्याची सवय पहिलीपासून लावावी. खिडक्या पावसाचे निमित्त करून सारा दिवस बंद ठेवू नयेत. मुखपट्टी रोग्याने व त्याची शुश्रूषा करणाऱ्याने वापरावी हे श्रेयस्कर. पावसात भिजलेली व हनुवटीवर लोंबणारी मुखपट्टी कोणाच्याही उपयोगाची नाही. शाळा बंद करावी की नाही हा निर्णय प्रशासनाचा आहे, मुख्याध्यापकांनी तो परस्पर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. २००९ साली देशात या तापाने ९८१ मृत्यूंची नोंद झाली आणि त्या वर्षी त्याच्यावाचून दुसरा विषय नव्हता. २०१० साली १,७६३ मृत्यू नोंदले गेले, तेव्हा मुखपट्ट्या कोनाड्यात पडल्या होत्या. महासाथ संपल्याचे ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाले, तथापि तो विषाणू गेला नाही. तो नेहमीच्या फ्ल्यूपैकीच एक होऊन राहिला आणि २०१५ साली त्याने पुन्हा जवळजवळ तीन हजार बळी घेतले. आपल्या राज्यात फ्ल्यू पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस वाढतो, म्हणजे दोन्ही सत्रांत. वर्तमानपत्रे त्याविषयी लिहीत नसतील त्या वर्षीही हजेरीपट वाचावा लागेल.

हजेरीपटात गैरहजेरीच्या कारणासाठी रकाना नाही. म्हणून एक साधी वही करावी. तीत तारीख, वर्ग, मुलाचे नाव व कारण एवढेच लिहावे. तापासाठी 'ता', शेतकामासाठी 'शे', गावास गेल्यास 'गा' अशी खूण पुरे. रोजची पाच मिनिटे त्यास लागतात. माझ्या बीटातील शाळांनी ही वही जूनपासून सुरू करावी आणि मी भेटीस येईन तेव्हा ती प्रथम मजपुढे ठेवावी. शेकडा उपस्थितीचा आकडा मी त्यानंतर विचारीन.